रिकाम्या घरट्यांची खोली

चर्चमागच्या संग्रहालयाची सुरुवात झाली ती फादरांच्या झग्याच्या खिशातून. आजाऱ्यांना भेटून पायी परतताना त्यांना वाऱ्याने पडलेली घरटी दिसायची. ती ते अलगद खिशात घालत, आणि कपडे धुताना त्यांची थोरली बहीण कपाळाला हात लावी. "अरे, लोकांच्या खिशात रुमाल असतो!"

फादरांचा नियम एकच. पाखरं सोडून गेल्याशिवाय घरट्याला हात लावायचा नाही. वर्षानुवर्षं अशी रिकामी घरटी साठत गेली. एखादं घोड्याच्या केसांनी विणलेलं, एखादं चिखलाने लिंपलेलं, एक तर इतकं लहान की त्यात जेमतेम बोटाचं पेर मावेल. धान्याच्या जुन्या कोठीत सुताराने त्यांच्यासाठी फळ्या ठोकल्या. दुपारी उन्हाची तिरीप आत आली की सोनेरी धूळ तरंगत राही, आणि तिथे उभं राहिलं की आपणच कुठल्याशा मोठ्या घरट्यात पेंगत पडलोय असं वाटे.

पण कोठी चर्चची होती आणि चर्चच्या समितीला ती खुर्च्या ठेवायला हवी होती. रविवारी बिशप येऊन बघणार होते. त्यांना पटलं तर संग्रहालय, नाही तर घरटी खोक्यांत.

फळ्यांचा रंग वाळावा म्हणून खोली बरेच दिवस बंद होती. शुक्रवारी बहीण केर काढायला गेली आणि ओरडतच परत आली.

"अरे, चल लवकर! चोर शिरलाय!"

चोर म्हणजे एक चिमणी होती. झरोक्यातून आत येऊन तिने सगळ्यांत सुंदर घरटं पार उसवलं होतं आणि त्याच काड्यांचं आपलं घरटं वरच्या फळीवर बांधलं होतं. आता ती अंड्यांवर बसली होती.

"हाकल तिला," बहीण म्हणाली. "परवा बिशप येतायत."

"माणसांची गर्दी झाली तर ती उडून जाईल, ताई. अंडी गार पडतील."

"आणि खोली गेली म्हणजे? इतक्या वर्षांची तुझी मेहनत?"

फादरांनी वरच्या फळीकडे पाहिलं. चिमणी मान तिरकी करून त्यांच्याकडे बघत होती, जणू तेच वाट चुकून तिच्याकडे आले होते. त्यांनी दार हळूच ओढून घेतलं.

रविवारी बिशप आले, तर दार बंद. सुताराने दाराला एक भोक तेवढं पाडून ठेवलं होतं.

"यातून बघायचं, साहेब," तो म्हणाला. "आत घरमालकीण आहे."

बिशप वाकले आणि वाकलेलेच राहिले. मागे समितीतले एक गृहस्थ खुर्च्यांचा विषय काढायला खाकरले, तर बिशपांनी न वळताच हात वर केला.

"श्शू. नवरा आलाय घरी."

खूप वेळाने ते कंबर धरून उभे राहिले. झोपेतून उठल्यासारखे त्यांचे डोळे किलकिले झाले होते.

"पण मग खुर्च्या कुठे ठेवायच्या?" गृहस्थांनी विचारलंच.

"तुमच्या घरी बघा जागा होते का," बिशप म्हणाले. "ही खोली भरलीय."

मग सगळ्यांनी पाळीपाळीने डोळा लावला. फादरांची पाळी शेवटी आली.

"काय करतायत रे?" बहिणीने कानाशी विचारलं.

"चिमण्याने दुसरं घरटं उसवायला घेतलंय," फादर म्हणाले, आणि सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.