बायकोला घेऊन या

तीन महिने माझे पाय सुजत होते आणि घरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, उभ्याने काम करतेस म्हणून. हॉटेलच्या लॉन्ड्रीत मी आठ तास चादरींना इस्त्री करते, त्यामुळे मलाही ते पटलं. सासूबाईंनी माझ्या जेवणातलं मीठ बंद केलं आणि सोबत म्हणून स्वतःचंही. नवऱ्याने मऊ तळाच्या चपला आणून दिल्या. मी खुळी, लॉन्ड्रीभर त्या मिरवल्या!

मग एका सकाळी डोळे उघडेनात इतका चेहरा सुजला. लघवीला फेस तर कधीपासून येत होता. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि आज आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "किडनीतून प्रथिनं गळतायत. कारण आहे उपदंश, म्हणजे सिफिलिस. शारीरिक संबंधातून लागतो."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. या एका माणसाखेरीज मला आयुष्यात कोणी ठाऊक नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता.

"तुमचीही तपासणी करावी लागेल," बाई त्याला म्हणाल्या.

"माझी झालीय," तो पुटपुटला. "अकरा महिन्यांपूर्वी. इंजेक्शनं घेतली."

"तेव्हा बायकोला घेऊन या, असं सांगितलं नव्हतं?"

"हिच्यासाठी चिठ्ठी दिली होती त्यांनी."

चिठ्ठी! अकरा महिने तिचं याने काय केलं? स्वतः गुपचूप बरा झाला आणि मला वाऱ्यावर सोडलं. बाहेर कुठे शेण खाल्लं, तो राग वेगळाच. पण माझे पाय रोज सुजताना बघून हा माणूस चपलांच्या दुकानात जातो, दवाखान्यात नाही?

"आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं घ्या," बाई मला म्हणाल्या. "किडनी बहुतेक सावरेल. पण वेळेवर आला असतात तर इथवर आलंच नसतं."

बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. दारातच त्याने माझा दंड धरला. "आईला सांगू नकोस हं, उगाच जिवाला लावून घेईल. आणि आता तू बरी होणारच आहेस ना?"

मी दंड सोडवून घेतला.

"काय निघालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मला तुमच्या मुलाकडून रोग लागलाय. त्यानेच किडनी बिघडली. आणि त्याला वर्षभर माहीत होतं."

बाकावरच्या बायकांनी माना वर केल्या.

"हळू बोल," तो म्हणाला. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत," मी आणखी मोठ्याने म्हटलं. "यातल्या कुणाच्या नवऱ्याने अशी चिठ्ठी दडवली असेल, तर तिला तरी वेळेत कळू दे."