बिनतारी नाडी

शनिवारी सकाळी वेस्ट मांबलममधल्या त्या इमारतीच्या जिन्यावर एवढ्या चपला साठल्या होत्या, की दूधवाल्याने पिशव्या वर नेण्याचा नाद सोडला आणि त्या वॉचमनच्या खुर्चीवर ठेवून तो स्वतःच रांगेत उभा राहिला. मैलापूरहून माणसं आली होती, तांबरमहून आली होती. एक नवरदेव तर मुहूर्ताच्या आधी मिळेल तेवढ्या वेळात आपलं भविष्य विचारून घ्यायला फेट्यासकट आला होता. तळमजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये 'कंप्यूटर नाडी'वाले चंद्रमौळी स्वामी आठवडाभरासाठी उतरले होते.

नाडी म्हणजे मनगटाची नव्हे. तमिळनाडूत फार जुनी समजूत आहे, की अगस्त्य ऋषींनी माणसामाणसाचं आयुष्य ताडपत्रावर लिहून ठेवलं आहे. अंगठ्याचा ठसा द्यायचा, पुरुषांनी उजव्या, बायकांनी डाव्या, की तुमचं पान शोधून वाचून दाखवतात. चंद्रमौळी स्वामी याच्याही पुढे गेले होते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पानांना वाळवी लागली, तेव्हा महर्षींनी सगळी नक्कल आकाशात नेऊन ठेवली, आणि आता ती आकाशातून थेट स्वामींच्या लॅपटॉपवर उतरते.

"वायर दिसते का?" स्वामी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून गर्दीला विचारत. "टेलिफोन दिसतो का? मग हे येतं कुठून?"

"आकाशातून," गर्दी म्हणे. नवरदेव सगळ्यांत मोठ्यानं.

लॅपटॉपवर केशरी रेशमी वस्त्र पांघरलेलं असे, त्यावर चंदनाचा हार. पडदा तेवढा उघडा. त्यावरचं वाचून स्वामी तमिळमध्ये ठेका धरून सांगत, की तुझ्या बापाचं नाव अमुक, आईचं तमुक, घरात एक मूल गेलं, तुला अमक्या गोष्टीचा घोर लागला आहे. आणि ते बरोबर निघे. दर वेळी. बायका पदराने डोळे पुसत, पुरुष उगाच घसा खाकरत.

बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये त्याच वेळी रुचिरा जेवणाच्या टेबलावर बसून दातओठ खात होती. रुचिरा दहावीतली. पुण्याहून इथे येऊन तिला दोन वर्षं झाली होती. पहिलं वर्ष तिने वर्गात तोंड न उघडता काढलं होतं, आणि आता तिला तमिळमध्ये भांडता येऊ लागल्यामुळे जगात अशक्य असं काही उरलंच नव्हतं. बाबांच्या कंपनीने मोडीत काढलेला लॅपटॉप घरी आला होता. त्यात बिनतारी इंटरनेट मुळात नव्हतंच. म्हणून बाबांनी रिची स्ट्रीटच्या कंप्यूटर बाजारातून एक कार्ड आणलं होतं, पत्त्याएवढं, चपटं, लॅपटॉपच्या कुशीतल्या खाचेत सरकवायचं. आणि म्हणाले होते, जमलं तर लॅपटॉप तुझा.

तिने ते कार्ड उघडल्या उघडल्या खाचेत खुपसलं. लॅपटॉपने ओळखच दाखवली नाही. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं, फुंकर मारली. मग वैतागून सोबतचं पत्रक वाचलं, तर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत लिहिलेलं, की आधी सीडी चालवा, कार्ड त्यानंतर. रुचिराने कुणी पाहिलं तर नाही ना याची खात्री करून घेतली. सीडी चालवली, मशीन बंद करून चालू केलं, कार्ड सरकवलं. खट्. कडेला बारीक हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

आसपास कोणती नेटवर्क आहेत ते तिने पाहिलं. एक दिसलं 'पुरणपोळी', म्हणजे त्यांच्याच घरचं, नाव तिनेच ठेवलेलं. आणि त्याखाली आणखी एक. 'कनका'.

आता हे कोण? उभ्या इमारतीत असलं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पोंगलनंतर ब्रॉडबँड आलं तेही फक्त त्यांच्याकडे. शिवाय 'पुरणपोळी'पुढे मनोऱ्याचं चित्र होतं आणि 'कनका'पुढे दोन इवल्या कंप्यूटरांचं. तिने बाबांना, म्हणजे मंदारला, विचारलं. मंदार पेपरातून मान वर न काढता म्हणाला, की त्याचा अर्थ मधे इंटरनेट वगैरे काही नाही, जवळपासचे दोन कंप्यूटर एकमेकांशीच परस्पर बोलताहेत.

"जवळपास म्हणजे किती?"

"चार भिंतींपलीकडे. फार तर एक मजला."

एक मजला. रुचिराने फरशीकडे पाहिलं.

मग तिने दिवसभर दुसरं काही केलं नाही. दुपारी स्वामी जेवायला उठले, 'कनका' गायब. चारला दर्शन सुरू झालं, 'कनका' हजर. संध्याकाळची आरती झाली, पुन्हा गायब. महर्षींच्या आकाशाला जेवणाची सुट्टी कशाला लागते, हे तिला कळेना. म्हणजे कळत होतं, पण बोलायला अजून हातात काही नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी जननी आली. जननी तिच्याच वर्गातली, समोरच्या फ्लॅटमधली. तिचं घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेल्या मराठ्यांचं. घरातली मराठी इतकी जुनी आणि तमिळमध्ये इतकी मुरलेली, की रुचिराला सुरुवातीला निम्मीच कळायची. जननी नेहमी आल्या आल्या फ्रीज उघडायची. आज दारातच उभी राहिली.

तिच्या अप्पांचं, अनंतकृष्णांचं, बायपासचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. गेला महिनाभर ते पहिल्या मजल्यावर यायलासुद्धा मधल्या वळणावर थांबत. आज सकाळी अंबुजामामी, म्हणजे जननीची आई, नाडी बघून आली होती. लॅपटॉपवर नवऱ्याचं नाव निघालं, नक्षत्र निघालं, आजार निघाला. आणि स्वामींनी सांगितलं, की या देहाला लोखंड लागलं की प्राण जाईल. गुरुवारीच त्यांच्या कोवलमच्या आश्रमात होम करायचा, त्याने छाती मोकळी होईल. मामीने घरी येऊन इस्पितळाला फोन केला आणि ऑपरेशन रद्द करून टाकलं.

"अप्पा काय म्हणाले?"

"काय म्हणणार. म्हणे, अम्मा आज कित्येक दिवसांनी झोपली, तिला उठवू नको." जननीने नाक ओढलं. "डॉक्टर बोललेत की थांबायला वेळ नाही. रुचिरा, त्यांना अप्पांचं नाव कसं कळलं? मला खोटं वाटतं, पण नाव कसं कळलं?"

रुचिराने तिला 'कनका'बद्दल सगळं सांगितलं आणि रविवारी सकाळी दोघी खाली गेल्या. रुचिराला आत जाऊन बघायचं होतं की महर्षी बोलायच्या आधी काय काय होतं. आधी बाहेरची खोली लागत होती. तिथे कुंकवाचं तबक घेऊन एक बाई बसलेली, प्रेमळ, मोठ्या नथीची. ती ठसा घेई. आणि ठसा घेता घेता संकल्प सांगायला लावी. संकल्प म्हणजे देवळात अर्चना करायच्या आधी आपण गुरुजींना सांगतो तेच, गोत्र, नक्षत्र, नाव, कुणासाठी, कशासाठी. ही बाई जरा जास्त विचारायची. आईवडिलांची नावं घ्या, त्यांनाही पुण्य लागेल. कुणी गेलंय का, त्यांचंही नाव घ्या. इच्छा मनात ठेवू नका, देवापुढे मोठ्यानं म्हणा. लोक हात जोडून, डोळे मिटून, घडाघडा सांगायचे. देवाला सांगितलेलं कुणी माणसाला सांगितलं असं धरतं का? मग ठशाचा कागद घेऊन ती पडद्यामागे 'यंत्राला दाखवायला' जाई आणि बराच वेळ येत नसे. 'महर्षी शोधताहेत,' असं बाहेर सांगितलं जाई.

आणि मग आतून स्वामींचा आवाज आला, "कनका, पुढचं पाठव."

जननीने रुचिराच्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला.

रुचिरा दोन दोन पायऱ्या चढत वर गेली आणि बाबांपुढे सगळं एका दमात ओतलं. मंदारने ऐकून घेतलं. "तुला दिसलंय काय आणि वाटतंय काय?" त्याने विचारलं. "दिसलं ते एक नेटवर्क आणि एक नाव. बाकीचं तुला वाटतंय. कुणाच्या देवावर बोट ठेवायचं तर आधी तपासून घे."

"कसं तपासू?"

"ते तू सांग. कार्ड मी बसवलं का?"

चारच्या दर्शनाला रुचिरा रांगेत उभी राहिली. कनकापुढे बसली, डावा अंगठा पुढे केला, डोळे मिटले आणि संकल्प केला. नक्षत्र रेवती. वडील व्यासराज, कोवलमच्या समुद्रात बुडून गेले. आई अन्नपूर्णाबाई. धाकटा भाऊ वेंकट. इच्छा एवढीच, की बाबांनी एकदा स्वप्नात यावं. शेवटी तिचा आवाज जरा जास्तच कापला, पण कनकाच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे चाललं असावं.

आत खोली खच्चून भरली होती. पुढच्या रांगेत अंबुजामामी, शेजारी भिंतीला टेकून अनंतकृष्ण. होमाला काय काय आणायचं ते विचारायला दोघं आले होते. स्वामींनी लॅपटॉपपुढे कापूर ओवाळला, पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा दुःखाने पिळवटला.

"कन्ये," ते म्हणाले, "तुझ्या डोक्यावरचं छत्र गेलं. व्यासराज. समुद्राने नेलं त्याला, कोवलमला. आई अन्नपूर्णा रडते आहे. वेंकट अजून लहान आहे. तो आत्मा तुझ्या स्वप्नात येऊ पाहतो आहे, पण वाट अडली आहे."

खोलीतून हळहळ उठली. मग मागच्या बाजूने, दाराजवळून, कुणीतरी शांतपणे बोललं. हातात भाजीची पिशवी होती, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावत होत्या.

"स्वामी, मी मंदार. हिचा बाप. समुद्रात मी अजून गुडघ्याच्या वर गेलेलो नाही."

कुणीतरी हसलं. स्वामींनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "मागच्या जन्माचं पान आलं," ते म्हणाले. "महर्षींनी मागच्या जन्मीचा पिता दाखवला." आणि खोलीने सुटकेचा श्वास सोडला. अंबुजामामीने तर हात जोडले. हेच रुचिराला सगळ्यांत भयंकर वाटलं, की लोकांना स्वामीच यातून सुटायला हवे होते.

ती उठून उभी राहिली. तमिळ तिला आता धड येत होतं.

"हे सगळं मघाशी मी बाहेर कनकाताईंना संकल्पात सांगितलं. व्यासराज, वेंकट, रेवती, सगळं खोटं. आकाशातल्या महर्षींना माझं खोटं कळलं नाही, आणि माझ्या बाबांचं खरं नाव माहीत नाही. ते कसं?"

"महर्षींची परीक्षा घेतेस? जीभ झडेल."

"झडली तर मी लिहून विचारीन."

तेवढ्यात 'टुंग' असा आवाज झाला. स्वामींच्या लॅपटॉपच्या पडद्यावर कोपऱ्यात एक पिवळा फुगा उगवला, बिनतारी जोडणी तुटल्याचं सांगणारा. पुढच्या रांगेने तो वाचला आणि मागच्यांना सांगितला. पाठोपाठ, ठरल्याप्रमाणे, बाहेरच्या खोलीतून जननी आली. पडद्यामागे दुसरा लॅपटॉप होता. त्याच्या कुशीतून तिने उपटलेलं चपटं कार्ड तिच्या तळहातावर होतं. तिच्या मागे कनका येऊन दाराला टेकली.

रुचिराने महर्षींच्या लॅपटॉपवरचं रेशमी वस्त्र बाजूला केलं. त्याच्याही कुशीत तसलंच कार्ड होतं, हाराखाली झाकलेलं. मग तिने सगळं सोपं करून सांगितलं. तुम्ही बाहेर सांगता, कनकाताई पडद्यामागे बसून टाइप करतात, या कार्डातून ते रेडिओच्या लहरींवर भिंतीपलीकडे येतं, स्वामी वाचून दाखवतात. तुमच्या घरचा रेडिओ विनावायरच वाजतो, त्याला कुणी हार घालत नाही. हे कार्ड रिची स्ट्रीटवर मिळतं, आणि मला बसवायला एक सकाळ लागली. तीसुद्धा मी पत्रक आधी वाचलं नाही म्हणून.

"शिकलेल्यांनाही कसं कळलं नाही?" वॉचमनने विचारलं.

"आपणच सांगितलं हे आपण विसरतो," मंदार म्हणाला. "देवाला सांगत होतो ना."

अंबुजामामी हलली नव्हती. ती कनकाकडे बघत होती. मग ती नवऱ्याकडे वळली आणि तिच्या त्या जुन्या मराठीत, जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू बोलली.

"मीच सांगट्लें तिला. संकल्पांत म्हणट्लें, माझ्या नवऱ्याला सुरी लावूं नको रे देवा. माझीच भीती मला परत सांगट्ला तो. मी देवाचं म्हणून ऐकट्लें."

अनंतकृष्णांनी तिचा हात हातात घेतला. "भीती मलाही आहे गे," ते म्हणाले. "पण डॉक्टर निदान माझी नाडी माझ्याच हाताला धरून बघतो. चल, फोन करूं."

स्वामींनी त्यानंतर शापही दिले आणि समजावूनही पाहिलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पोलिसांना बोलावलं, तोवर गर्दी पांगली होती. सगळे शहाणे होऊन पांगले असं मात्र नाही. जिन्यावर चपला शोधता शोधता कालचा नवरदेव म्हणत होता, की हा खोटा निघाला खरा, पण खरे असतातच कुठेतरी. रुचिराने त्याला फक्त एवढंच विचारलं, की ते भेटले तर ठसा आधी आणि संकल्प नंतर करून बघाल का? तो चपला पायात सरकवून चालू लागला.

गुरुवारची वेळ दुसऱ्या रुग्णाला देऊन झाली होती. पुढची मिळेपर्यंतचे दिवस त्या घराने कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मामीने डॉक्टरांना विचारलं, हे नक्की जगतील ना? डॉक्टर म्हणाले, नक्की असं मी सांगू शकत नाही, पण बहुतेक रुग्ण बरे होतात, आणि ऑपरेशन नाही केलं तर काय होईल ते तुम्हाला सांगितलंच आहे. मामी नंतर म्हणाली, की त्या 'नक्की नाही'वरच तिचा विश्वास बसला. अनंतकृष्ण घरी आले. आता ते जिना न थांबता चढतात आणि वर येऊन जननीच्या गणिताच्या मार्कांवरून ओरडतात. यात चमत्कार काहीच नाही. एका माणसाने वर्षानुवर्षं शिकून घेतलेलं काम नीट केलं, एवढंच.

तुमच्याही जिन्यावर कधीतरी चपला साठतील. आत जरूर जा, बघा, पण प्रश्न बाहेर ठेवून जाऊ नका. जो म्हणतो तपासून घ्या, त्याचं ऐका. जो म्हणतो विचारलंत तर जीभ झडेल, त्याला पुन्हा विचारा, मोठ्यानं, चारचौघांत. तो तुमची जीभ काढून घेऊ शकत नाही. ती तुम्हीच त्याला देता.