राजाच्या हातातले सोने

मरोळच्या गावठाणात नाताळच्या आदल्या रविवारी येशूजन्माच्या गोठ्यांची स्पर्धा असते, आणि ग्रेगरी मास्तरांचा गोठा गेली चौदा वर्षे हलता असतो. विहिरीचा रहाट फिरतो, गाढव मान डोलावते आणि शेवटी तीन राजे एकेक करून बाळ येशूपुढे वाकतात. हे सारे घडवून आणतो जिन्याखालचा जुना संगणक. त्याच्या पांढऱ्या खोबणीत एक कार्ड बसवलेले आहे. कार्डातून निघणाऱ्या तारा मास्तरांनी स्वतः जोडलेल्या आठ रिलेंकडे जातात आणि रिले मोटारी चालू-बंद करतात. हल्लीच्या संगणकांत ती पांढरी खोबण मिळत नाही. त्यामुळे कोणी “नवाच घ्या की” म्हटले, की मास्तर नुसते हसत.

यंदा मात्र त्यांनी गोठ्यामागे पडदा लावला होता. पडद्यावर आकाश उजळायचे, राजांना वाट दाखवणारा तारा चालत यायचा आणि तो थांबला की राजांनी वाकायचे. चित्रफीत आणि मोटारी दोन्ही सांभाळताना जुन्या प्रोसेसरची दमछाक झाली. तारा उचकी लागल्यासारखा सरके, आणि तो पोहोचण्याआधीच राजे वाकून मोकळे होत. मास्तरांनी संगणकाच्या मुख्य बोर्डावरच्या त्याच बैठकीत बसणारा अधिक ताकदीचा प्रोसेसर शोधून आणला, शनिवारी जुना काढला आणि पत्नीच्या, जोसेफीनच्या, तळहातावर ठेवला. “घे. याचं काम झालं.”

रविवारी दुपारी तीन वाजता त्यांनी नवा प्रोसेसर बसवून कळ दाबली. पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला.

मास्तरांनी तीस वर्षे तंत्रविद्यालयात फिटिंग शिकवले होते. घाबरण्याआधी तपासायचे, ही त्यांची रीत. मेमरीची पट्टी काढून पुसली. कार्ड काढून पाहिले. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. पावणेपाच वाजता वहीचे पान भरले. पडदा काळाच होता. परीक्षक सहाला यायचे होते.

“काय मास्तर, वाट लागली ना?” दारात व्हर्नन उभा होता. शेजारी, जुना विद्यार्थी, आणि स्पर्धेतला कायमचा दुसरा नंबर.

“तुझ्या तोंडात साखर पडो,” जोसेफीन म्हणाली. “चांगलं बोलायला शिकवलं नाही का रे यांनी?”

“लोखंड घासताना फाइल कशी धरायची ते शिकवलं, आंटी. बोलायचं सिलॅबसमध्ये नव्हतं.”

मास्तरांचे लक्ष नव्हते. फोनवर बोर्डाच्या कंपनीने दिलेली प्रोसेसरांची यादी उघडून ते चष्मा कपाळावर ढकलत वाचत होते. मग हळूच म्हणाले, “सापडलं. हा प्रोसेसर बोर्डाला चालतो, पण ओळखता येत नाही. बोर्डाच्या आतल्या मूळ सूचना जुन्या आहेत. त्या आधी नव्या करायला हव्यात.”

“मग करा.”

“संगणक चालू झाला तर करणार ना! आणि तो चालू होईल फक्त जुन्या प्रोसेसरवर.” ते वळले. “जोसेफीन, काल तुला दिलेला तो चौकोन?”

जोसेफीनने पदर सावरला. “अहो मास्तर, वर्गात तुम्हीच सांगायचात ना? नवा भाग आठ दिवस चालल्याशिवाय जुना टाकायचा नाही.”

“सांगायचो. कुठे आहे?”

तिने गोठ्याकडे बोट दाखवले. पहिल्या राजाच्या हातात, जिथे दर वर्षी चॉकलेटचा सोनेरी कागद असे, तिथे प्रोसेसर चिकटवलेला होता. सोन्याचे शेकडो ठिपके पुढे करून तो नुसता झगमगत होता.

“इतका चकचकीत कसा झाला?” मास्तरांचा आवाज बारीक झाला.

“चिंचेनं घासला. तांब्या-पितळेला घासतो तसा.”

व्हर्नन भिंतीला टेकून हसत सुटला. मास्तरांना मात्र हसू येईना. चिंचेच्या आंबटाने प्रोसेसर बिघडला असेल, तर चौदा वर्षे हलणारा गोठा आज पहिल्यांदा निश्चल राहणार होता, आणि तोही त्यांनी स्वतःचाच नियम मोडला म्हणून.

“मास्तर, त्या नव्या सूचनांची फाइल कुठली ते दाखवा,” हसू आवरून व्हर्नन म्हणाला. “माझ्या घरून पेन ड्राइव्हवर आणतो. परीक्षक आधी माझ्याकडेच येणार. त्यांना कलकल आणि नेवऱ्या खायला घालून पंधरा मिनिटं अडकवतो.”

“तू? का रे?”

“हलत्या गोठ्याला हरवायचंय मला. बंद पडलेल्याला हरवून काय झकास वाटणार?”

मास्तरांनी राजाच्या हातातून सोने सोडवले, प्लास्टिकच्या पट्टीने मागचा गोंद खरवडला आणि स्पिरिटने चिंचेचा अंश टिपून काढला. ठिपक्यांना बोटही न लावता प्रोसेसर बैठकीत बसवला आणि कळ दाबली. पडदा उजळला.

“बघा, चिंच लागू पडली,” जोसेफीन म्हणाली.

“आता तीन मिनिटं घरातल्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. मध्येच वीज गेली तर बोर्ड कामातून गेला.”

ती मीटरच्या पेटीला पाठ लावून उभी राहिली, हात पसरून. व्हर्ननने आणलेली फाइल बोर्डाने हळूहळू गिळली. मग जुना प्रोसेसर बाहेर, नवा आत. या खेपेस पडद्याने त्याला नावानिशी ओळखले.

सहा वाजून वीस मिनिटांनी परीक्षक ओठांवरची साखर पुसत आत आले. आकाश उजळले. तारा सावकाश, एकदाही न अडखळता आला आणि थांबला. तेव्हाच पहिला राजा वाकला आणि त्याने आपले सोने पुढे केले. जोसेफीनने ते कणकेच्या गोळीने जेमतेम वेळेत चिकटवले होते.

मागे उभ्या व्हर्ननने सर्वांच्या आधी टाळी वाजवली आणि मग मास्तरांच्या कानात पुटपुटला, “पुढच्या वर्षी बघतो तुम्हाला.”

मंडळी गेल्यावर मास्तरांनी वही उघडून नीट अक्षरात लिहिले : जुना भाग सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत जपून ठेवणे.

चहा घेऊन आलेल्या जोसेफीनने पेन मागून घेतले आणि खाली भर घातली : चिंचेने घासून.