शिट्टी वाजली की हात सोडायचे

तिने पाठमोरं होऊन डावा पाय कड्याखाली सोडला, मग उजवा, आणि सगळं वजन दोरावर आलं. वर ॲल्युमिनियमची तिपाई कुरकुरली. खाली खाणीचा तळ, बारा मजले खोल. तिथे उभी असलेली ॲम्ब्युलन्स काडेपेटीएवढी दिसत होती.

"बरी आहेस ना?" वरून परीक्षा घेणाऱ्या उस्तादांनी विचारलं.

"मजेत. चहा पाठवा."

थट्टा जमली, पण खाली तिने पुन्हा पाहिलं नाही.

बचाव पथकाच्या वरच्या श्रेणीच्या परीक्षेची रीतच अशी. तिपाई परीक्षार्थीने एकटीने उभारायची आणि पथकातल्या कुणीतरी तिच्यावर लटकायचं. मग शिट्टी. शिट्टी वाजली की वरच्या सगळ्यांनी दोरावरचे हात सोडायचे. कुणी न धरता माणूस जागच्या जागी राहिला, तर पास. जादाचा दुसरा दोर होता. पण तोही त्याच तिपाईवरून येत होता. ती कलंडली तर दोन्ही दोर तिच्याच मागे.

आजची परीक्षार्थी तिची वहिनी. वर्षभर स्वयंपाकघरातल्या स्टुलांचे पाय बांधून तिने सराव केला होता. पास झाली की तुकडीची प्रमुख.

दोन वर्षांपूर्वी एका तिपाईचा पाय सरकला आणि दादा खालच्या कपारीवर आपटला. ती तिपाई बांधली होती हिने, त्याच्या धाकट्या बहिणीने. दादा आता काठी घेऊन चालतो आणि कपडे वाळत घालायच्या दोरीच्याही गाठी तपासतो. वहिनी त्याबद्दल अवाक्षर बोललेली नाही. चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं.

आज लटकायला कोण, असं विचारल्यावर हिनेच हात वर केला. वहिनीने तिच्या पट्ट्यांचे हूक एकेक ओढून पाहिले. शेवटचा दोनदा. नजर मात्र वर केली नाही.

शिट्टी वाजली.

तिने डोळे मिटले. हात सुटले की तिपाईवरच्या आपोआप आवळणाऱ्या ब्रेकने दोर पकडेपर्यंत माणूस बोटभर खाली येतो. त्या बोटभराची ती वाट पाहत राहिली. बुटाखालचा एक खडा सुटून गेला. तळाशी पडल्याचा आवाज येता येईना.

दोर हललाच नाही.

पुन्हा शिट्टी, लांबलचक.

"अहो बाई, हात! बाकीच्यांनी कधीच सोडले."

उस्तादांचा आवाज. दोर तसाच होता.

"स्वतःच्या तिपाईवर भरवसा नाही?"

"आहे की. हत्ती टांगा." वहिनीचा आवाज.

"मग सोडा ना!"

वर कुणीतरी हसलं.

"नापास करावं लागेल मला."

"करा."

तिला वर ओढून घेतलं, तेव्हा उस्ताद कागदावर रेघ मारत होते. कडा ओलांडून ती चार पावलं आत आली, तरी वहिनीची मूठ दोरावरच होती. वहिनीने दुसऱ्या हाताने त्या मुठीची बोटं एकेक करून उकलली.

"पुढच्या महिन्यात परत देते परीक्षा," वहिनी उस्तादांना म्हणाली. "फक्त लटकायला हिला नका देऊ. दुसरं कुणीही चालेल."