खाली जोडलेला कागद

मी एक पोलादी फूटपट्टी आहे. बारा इंच लांब, एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर आणि टोकाला खिळ्यात अडकवायचं भोक. शाळकरी पोरांच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांत मला मोजू नका, त्या जरा ऊन लागलं की वाकतात. मी आयुष्यभर नाकासमोर चालले. तरीही एका घराचं वाटोळं झालं त्यात माझा हात आहे, आणि तेच सांगायला बसले आहे.

जन्माचं म्हणाल तर फारसं आठवत नाही. पत्र्यातून कापलं, घासलं, अंगावर आकडे कोरले आणि तेलकट कागदात गुंडाळलं. समज आली ती बाइंडरच्या दुकानात. दहा बाय बाराची खोली, मधोमध कापायचं टेबल, कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चवड, खळीचं पातेलं आणि पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस. बाइंडर कापायचा, त्याची बायको, म्हणजे आमच्या बाई, शिवायच्या. हजेरीची रजिस्टरं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, कुणाकुणाची फाटकी जुनी पुस्तकं. तो मला पुठ्ठ्यावर ठेवून अंगठ्यानं दाबायचा आणि माझ्या कडेनं सुरी ओढायचा. बावीस वर्षांत एकही पुठ्ठा तिरका गेला नाही. बाईही तशाच. शिवलेल्या पुस्तकाच्या कण्यावरून नख फिरवायच्या आणि एक टाका सैल लागला तरी सगळं उसवून परत शिवायच्या. दोघं दिवसभर फारसं बोलत नसत, पण खोलीत बरं वाटायचं.

ती खोली भाड्याची होती. एक दिवस मालक आला, टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मी विकतोय. तुम्ही जुने, म्हणून आधी तुम्हाला विचारतो. वर्षअखेरीस पैसे आणा, खोली तुमची. नाही जमलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे."

मालक गेल्यावर दोघांनी हिशेब केला. खोलीची किंमत रुपया धरली तर बावीस वर्षांची शिल्लक बारा आणे होती. चार आणे कमी पडत होते.

"माझ्या भावाकडून घेऊ," बाई म्हणाल्या. "तो नाही म्हणायचा नाही."

"मेहुण्यापुढे हात पसरू? ते माझ्यानं व्हायचं नाही."

"अहो, हात पसरणं काय त्यात. परतच करायचेत ना?"

तो पुढचा पुठ्ठा कापायला लागला. तोंडाला कुलूप लावलं की त्याचा निर्णय झालेला असायचा, हे बाईंना ठाऊक होतं.

शेजारी चष्म्याचं दुकान होतं. चष्मेवाला दुपारच्या चहाला रोज आमच्याकडे यायचा, शेअरबाजार बंद झाला की. वरच्या मजल्यावरच्या टायपिंगच्या बाईही यायच्या. त्यांचा क्लास बंद पडला होता, पण पाय या जिन्याकडेच वळायचे. दोघांचेही थोडेथोडके शेअर होते. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव त्यांच्या तोंडी सारखं असायचं. चष्मेवाला फोनवर तिचा आलेख दाखवायचा. तो दिसायचा नखाएवढा, आणि बाइंडरला जवळचं नीट दिसत नसे. चष्मेवाल्याच्या शेजारी राहून त्यानं चष्मा केला नव्हता, हीही एक गंमतच.

"थांब, मीच मोठा काढतो," बाइंडर म्हणाला. त्यानं चौकटींचा मोठा कागद भिंतीवर लावला आणि रोज बाजार बंद होतानाच्या भावाचा एक ठिपका द्यायला लागला. महिनाभरानं चष्मेवाल्यानं खालच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे बघ. तीनदा इथवर आला आणि तीनदा वर फिरला. याला सपोर्ट म्हणतात. याच्याखाली जात नाही. जोड बरं रेघेनं."

बाइंडरनं मला खिळ्यावरून काढलं आणि रेघ ठिपक्यांच्याही पुढे, कोऱ्या चौकटींत नेली.

खरं सांगते, मला आनंद झाला. आजवर माझ्या कडेनं नुसतं कापलं जायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मला उद्याच्या बाजूला धरलं. आणि माझी चूक तिथेच झाली. हातानं ओढलेली रेघ थरथरते, बघणाऱ्याला शंका येते. माझ्या कडेनं ओढलेली रेघ छापल्यासारखी दिसते, आणि छापलेल्यावर माणसांचा फार विश्वास. तिघंही मागं सरून त्या रेघेकडे पाहत राहिले.

त्यानं बारा आण्यांतले सहा घातले. दोन महिने शेअर खरंच चढला. खोलीच्या किमतीला दोनच आणे कमी राहिले.

"आता काढून घ्या," बाई म्हणाल्या. "दोन आण्यांचं बघू कसंही."

त्यानं मला पुन्हा भिंतीला टेकवलं आणि चढती रेघ पुढे कोऱ्या कागदावर वर्षाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ओढली. ती बरोबर हव्या त्या रकमेला जाऊन लागली. "बघ. कुणाचा एक पैसा नको," तो म्हणाला. बाईंनी सुईत दोरा ओवला आणि शिवायला लागल्या. रेघ इतकी सरळ होती की त्यांनाही काही म्हणता येईना.

मग शेअर उतरायला लागला. आधी हळू, मग भराभर. एक दिवस ठिपका कागदाच्या तळाच्या चौकटीत आला आणि दुसऱ्या दिवशी त्याला कागदावर जागाच उरली नाही.

दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. निदान घाबरला तरी असता. पण हा बाइंडर. कागद संपला तर काय करायचं हे त्याला झोपेतही ठाऊक. त्यानं खळ घेतली आणि खाली दुसरा कागद जोडला. चौकटीला चौकट अशी जुळवली की जोड बोटाला लागू नये. कामाचं समाधान चेहऱ्यावर दिसत होतं. नवीन कागदावर तो ठिपका अगदी वरच्या चौकटीत आला, आणि वरच्या चौकटीतला ठिपका काही पडलेला दिसत नाही. दोन आठवड्यांनी त्यानं मला घेऊन नवा सपोर्ट आखला.

"पडला की अजून घ्यायचा," चष्मेवाला म्हणाला. "म्हणजे आपला सरासरी भाव खाली येतो." बाइंडरनं उरलेले सहा आणेही घातले. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

तिसरा कागद जोडला त्या दिवशी टायपिंगच्या बाई चहाचा कप तसाच ठेवून म्हणाल्या, "मी माझे विकले. तोट्यात विकले. पंचवीस वर्षं मुलींना मी एकच सांगत आले, चुकलात तर कागद काढा आणि नवा घाला. तुम्ही चुकीच्याच कागदाला शेपूट लावताय."

"बाई, तुम्ही घाई केलीत," बाइंडर म्हणाला.

त्या परत चहाला आल्या नाहीत. चष्मेवाला येत राहिला, पण नजर चुकवायचा. एकदा कपात बघत बघतच म्हणाला, "मीपण काढले रे, मागच्या महिन्यात. तुला सांगणार होतो." बाइंडरनं त्याच्या कपात अजून थोडा चहा ओतला. मग म्हणाला, "बरं केलंस. तुझ्या मुलीचं लग्न आहे." त्या शब्दांत राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

चौथा कागद जमिनीला टेकला तेव्हा बाई शिवण सोडून उठल्या. भिंतीशी उकिडव्या बसल्या आणि तळाच्या रेघेवर त्यांनी कण्यावरून फिरवतात तसं नख फिरवलं.

"ही रेघ बाजारानं काढली का तुम्ही?"

"पट्टीनं काढली," तो म्हणाला.

बावीस वर्षं त्याचा अंगठा माझ्यावर होता, आणि शेवटी त्यानं माझ्यावर ढकललं. मला तोंड असतं तर तेव्हाच बोलले असते. पण खोटं तरी कुठे होतं ते.

वर्ष संपायच्या दीड महिना आधी बातमी आली. कंपनीनं हिशेबच दिले नव्हते. बाजारानं तिच्या शेअरचे व्यवहार थांबवले. आता घ्यायचेही नाहीत आणि विकायचेही नाहीत. मालक ठरल्या दिवशी आला, अवघडून उभा राहिला, आणि बाईंनीच त्याला सांगितलं, "दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्या." प्रेस भंगारात वजनावर गेला. टेबल कुणी फुकटही नेईना, म्हणून जिन्याखाली राहिलं.

आता आम्ही घरी असतो. बाई दुसऱ्या बाइंडरचं काम घरी आणून शिवतात. नगावर पैसे मिळतात, तिथे टाका सैल असला तरी कुणी विचारत नाही, तरी त्या उसवतात. आमच्या बाइंडरलाही त्या दुकानात कामाला बोलावलं होतं. गेला नाही. तो दिवसभर खिडकीशी बसतो. पाच वाजले की फोन उघडतो. व्यवहार बंद असले तरी फोनवर शेवटचा भाव तसाच दिसतो, रोज तोच आकडा. त्यानं आलेख घरच्या भिंतीवर लावला आहे. रोज एक ठिपका देतो, कालच्याच उंचीवर, आणि मला घेऊन कालच्या ठिपक्याला आजचा जोडतो. आडवी रेघ आता हातभर लांब झाली आहे.

"बघ," तो बाईंना म्हणतो, "आठ महिने झाले. एक पैसा खाली नाही. हा खरा सपोर्ट."

आधी बाई समजावायच्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता नुसतं "बरं" म्हणतात.

मला विनंती करायची होती ती ही, की मला कुणीतरी इथून न्या. भंगारात घाला, वाकवा, काहीही करा, पण त्या अंगठ्याखालून सोडवा. मेलेल्या शेअरची रेघ ओढताना मला लाज वाटते.

पण माझी ही इच्छा एकदा पुरी झाली होती. गेल्या महिन्यात बाईंनीच मला उचललं आणि कपड्यांच्या पेटीत तळाशी घातलं. त्या अंधारात मला फार सुटल्यासारखं वाटलं. पहिल्या दिवशी त्यानं घर धुंडाळलं. दुसऱ्या दिवशी शोधलंही नाही. तिसऱ्या दिवशी जेवला नाही, बोलला नाही, पाच वाजले तरी फोन उघडला नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाई दोनदा त्याच्या नाकाशी हात धरून आल्या, श्वास चालतोय का ते बघायला.

चौथ्या दिवशी पेटी उघडली. बाईंनी मला काढलं, फडक्यानं दोन्ही कडा पुसल्या आणि त्याच्या शेजारी बसून त्याच्या हातात दिलं.

"उठा," त्या म्हणाल्या. "चार ठिपके राहिलेत."