तोताराम पाटलाच्या बैलाचा मान

दिल्लीत झेंडा लागून महिना झाला होता, पण धरणगावकडच्या त्या गावात तो महिना अजून पोचलाच नव्हता. तोताराम पाटील खाकरला की विहिरीचं पाणी अजूनही हातभर खाली जाई. कोंबड्या अर्धं दिलेलं अंडं परत आत ओढून घेत. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा.

दबत नव्हती ती एकटी यशोदाबाई. तिच्या एकुलत्या लेकाला, अभिमनला, बेचाळीसच्या चळवळीत पाटलानं स्वतः बोट दाखवून फौजदाराच्या हवाली केलं. तुरुंगातून परत आला तो नुसता त्याचा सदरा. तेव्हापासून तिच्या अंगात असा जाळ, की ती चुलीसमोर बसली की कापसाच्या पऱ्हाट्या आपोआप पेट घेत.

पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं आणि ते पाटलाच्या बैलानंच आधी तोडायचं, बाकीचे मागून. पाटलाच्या पणज्यापासून असंच चालत आलेलं. यंदा बैल सजवून गाव वेशीबाहेर जमलं, तर अभिमननं वाढवलेल्या ढवळ्याचा दोर धरून यशोदाबाई थेट तोरणासमोर उभी.

"यंदा मना अभिमनना बैल पहिला जाई."

वेशीत बाज टाकून बसलेला पाटील हसला. "स्वराज उनं ना, अक्का? मग गावलेच इचारू. जेले अक्काना बैल पहिला पाहिजे, तेनी हात वर करा." आणि मिशीला पीळ देत एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला.

यशोदाबाईनं हात वर केला. मागं वळून पाहिलं. दुसरा हात नाही. मागंच बैल धरून उभ्या उखर्डूच्या नाकावर माशी बसली होती. ती हाकलायलाही त्यानं हात उचलला नाही.

मग ती गावावरच उलटली. "उखर्डू, तुले सर्प डसना तवय कोन खांदावर लई गया तुले धरणगावले? कादरभाई, तुमनी गाडी पुरमा फसनी, तवय कोन उतरना? मना आंडोर! आनी तुमना हात काय सुतळीनी शिवेल शेतस?"

सगळे आपापल्या हातातल्या दोराकडे पाहत राहिले.

"झायं मतदान," पाटील म्हणाला. "बाजूले व्हय आते." त्याच्या गड्यानं तिच्या हातातला दोर हिसकला. ती धुळीत पडली.

पाटलाचा बैल निघाला, तोच उखर्डूच्या हातून दोर सुटला.

"सुटना ना, आबा," तो खाली बघत म्हणाला.

"मेरा बी छूट गया, आबा," कादर पिंजारी म्हणाला.

मग मागून नुसतं सुटना, सुटना, सुटना! घंटांचा असा गजर झाला, की तिकडे जामनेरच्या पुजाऱ्यानं आरती झाली समजून प्रसाद वाटून टाकला. अख्ख्या गावाचे बैल एकदम वेशीत घुसले. पाटलाचा बैल खांबाला चिकटला, पाटील बाजेसकट गावात गेला, आणि त्याचं पागोटं ढवळ्याच्या शिंगावर. तोरण? दर शिंगावर एकेक पान.

धूळ बसली तेव्हा पाटील मारुतीच्या पारावर सापडला. "तोरण कोना बैलनी तोडं?" तो गरजला. विहिरीचं पाणी जागचं हललं नाही.

"बठ्ठासना," उखर्डू सगळ्या बैलांवरून नजर फिरवत म्हणाला. आता तो खाली बघत नव्हता.

लोक हसले. यशोदाबाई हसली नाही. तिनं शिंगावरचं पागोटं ओढून पाटलापुढं टाकलं आणि गावाकडे वळली.

"बैलस्ले कळनं, तुमले कवय कळी? पुढला पोळाले पाटीलना बैल बठ्ठासना मांगे. कोनले पटस? हात वर करा!"

दोर आता कोणाच्याच हातात नव्हता. पहिला हात उखर्डूचा वर गेला, आणि तो माशी हाकलायला नव्हता.