फळ्यावरचं वाक्य

या, असे जवळ या. दाराशी उभे आहेत त्यांनीही आत यावं, थोडं आवरून बसलं की जागा होते. आज एका बाईची गोष्ट सांगतो. देवाने तिला हात दिले होते, कान दिले होते, तोंड दिलं होतं, मनही दिलं होतं. घराने त्यातले फक्त हात तेवढे कामाला ठेवून घेतले.

तिला सगळेच वहिनी म्हणत. नवरा जाऊन वर्षं लोटली होती. धाकटा दीर घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवायचा, म्हणून गल्ली त्याला सर म्हणे. जाऊ बँकेत होती, तिची दोन मुलं शाळेत, सासूचे गुडघे कामातून गेलेले. या सगळ्यांचे डबे, कपडे, औषधं, रुसवेफुगवे वहिनींच्या अंगावर.

छापखाना गावातून हलणार हे कानावर आलं होतं, म्हणून त्या दिवशी सकाळपासून वहिनींचा हात जागेवर राहत नव्हता. पुसलेला ओटा त्यांनी पुन्हा पुसला. चहात साखर घातली की नाही, आठवेना. दारावर टकटक झाली तेव्हा हातातलं फडकं तसंच घेऊन त्या धावल्या.

दारात बायंडर उभा होता. छापखान्यात कामाला होता, सरांच्या धड्यांची पुस्तकं बांधून आणायचा. बायको गेल्यापासून एकटाच राहत होता, बोटांना कायम खळीचा वास.

"सर नाहीत?"

"अंघोळीला गेलेत. द्या इकडे."

"आज उघडू नका म्हणावं. खळ ओली आहे." गठ्ठा दिला तरी तो हलेना. "छापखाना दुसऱ्या गावी चाललाय. यंत्रं गेलीसुद्धा. रविवारी मीही निघतो."

"इतक्यात?"

"इतक्यात कसलं, वहिनी! मागल्या वर्षी सरांना आपल्या लग्नाचं विचारलं, तुमच्यादेखत. त्यांनी हसून पाठीवर थाप मारली. थापेचा अर्थ मला अजून लागला नाही." त्याने खळीची बोटं सदऱ्याला पुसली. "आता तुम्हालाच विचारतो. येता?"

वहिनींनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "माझ्या मनात काय आहे, ते ठाऊक आहे तुम्हाला."

"मला आहे. घराला सांगा. मी लपूनछपून नेणार नाही तुम्हाला. याच दाराने नेईन, चार लोकांसमोर."

तो गेला आणि वहिनींच्या पायांना जणू चाकं लागली. न्याहारीच्या टेबलाशी त्यांनी विषय काढलाच.

"भाऊजी, थोडं बोलायचं होतं."

"बायंडरचंच ना?" सरांनी घास गिळला. "मी कधी नाही म्हटलंय का? ऑल इन गुड टाइम, वहिनी! सगळं होईल, वेळेवर होईल."

सर दुष्ट नव्हते हो. आजारपणात वहिनींना डॉक्टरकडे नेणारे तेच. पण त्यांच्यापाशी इंग्रजी वाक्प्रचारांचा एक साठा होता आणि वहिनींसाठी त्यातले ठरावीकच बाहेर निघत. भाऊ गेल्यावर वहिनींच्या लग्नाचा विषय पहिल्यांदा निघाला, तेव्हा 'टू सून', फार लवकर होतंय. मग सासूचं ऑपरेशन निघालं, तेव्हा 'नॉट द राइट टाइम'. मग मुलांच्या परीक्षा, तेव्हा 'वेट फॉर द राइट मोमेंट'. इंग्रजीत दिलेला नकार नकार वाटतच नसे, इस्त्री करून दिल्यासारखा वाटे. घेणाऱ्याने आभारच मानावेत!

आणि थोरला भाऊ जाऊन वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा सरांचं स्वतःचं लग्न ठरलं. त्या वेळी साठ्यातून निघालं 'नाउ ऑर नेव्हर'. त्या लग्नात अख्ख्या मांडवाचा स्वयंपाक वहिनींनीच पाहिला होता.

जाऊ पर्स शोधता शोधता म्हणाली, "ताई, तेवढं माझं प्रमोशन होऊ दे ना. मग मीच उभी राहून लावून देईन तुमचं."

"आणि मग धाकट्याची दहावी येईल," वहिनी म्हणाल्या.

"अगं बाई, हो की!" जाऊ खरोखरच चमकली. "ते लक्षातच नव्हतं आलं."

वहिनींना हसू आलं, आणि खुर्चीवरची पर्स उचलून त्यांनी तिच्या हातात दिली.

दुपारी सासू शेंगा सोलत बसली होती. वहिनी तिच्या गुडघ्यांना तेल लावू लागल्या.

"तुझं काय चाललंय सकाळपासून? पाय भाजल्यासारखी फिरतेयस."

"आई, मला लग्न करायचंय."

म्हातारीचं बोट शेंगेत अडकलं. "हे गेल्यावर मी नाही राहिले? तुझ्याहून लहान होते मी. दोन पोरं पदरात. राहिले की नाही?"

"राहिलात, आई. पण तुम्हाला राहायचं होतं का?"

 सोललेले दाणे म्हातारीने टरफलांत टाकले, मग वेचत बसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच केलं.

संध्याकाळी वर्ग भरला. दवाखान्यातली नर्स, किराणा दुकानाचे मालक, नोकरी शोधणाऱ्या दोन मुली, टॅक्सीवाले काका. कोपऱ्यातल्या खुर्चीत सासू; तिला इंग्रजी येत नसे, पण माणसांत बसायला आवडे.

सर फळ्याकडे वळले. "आज वेळेबद्दलचे वाक्प्रचार. एखादी गोष्ट कधी करावी, हे इंग्रज किती परींनी सांगतो पाहा! आजचा वाक्प्रचार, हाय टाइम. म्हणजे काय? वेळ केव्हाच झाली, आता आणखी थांबण्यात अर्थ नाही. चला, वाक्यं करा. आपल्या आयुष्यातली हं, पुस्तकातली नकोत. मनातून आलेलं वाक्य विसरत नाही माणूस."

किराणावाले उठले. "इट इज हाय टाइम माय सन-इन-लॉ वेंट होम."

"किती दिवस झाले जावयांना येऊन?" टॅक्सीवाले काका.

"दिवस नका विचारू, तांदळाची पोती विचारा."

खोलीभर हशा पिकला. वहिनी पाण्याचे ग्लास घेऊन दाराशी उभ्या होत्या. वर्षानुवर्षं त्या याच दारात उभ्या राहिल्या होत्या, आणि धडे भिंतीवर थोडेच आपटतात, ते कानांतही शिरतात.  आता नाही बोलले, तर रविवार येईल आणि निघून जाईल. मग दहावी, मग बारावी, मग मुलांची लग्नं.

त्यांनी ट्रे खाली ठेवला.

"मी करू एक?"

सगळे वळले. सरांचा चेहरा कौतुकाने फुलला. "अरे वा! करा, वहिनी, करा!"

"इट इज हाय टाइम," वहिनींनी श्वास घेतला, "आय गॉट मॅरिड."

"एक्सलंट!" सरांनी टाळी वाजवली. "पाहिलंत? वर्गात एक दिवस न बसता! क्लॅप्स फॉर वहिनी!" आणि टाळ्यांच्या कडकडाटात त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, मोठ्या वळणदार अक्षरांत, खाली ठळक रेघसुद्धा ओढली.

टाळ्या वाजवता वाजवता पहिल्यांदा नर्सचे हात थांबले. मग मुलींचे. सर शेवटपर्यंत एकटेच वाजवत राहिले, आणि मग त्यांनाही ऐकू आलं की आपण एकटेच वाजवतोय.

"वाक्य बरोबर आहे ना, भाऊजी?"

"हो... म्हणजे... उदाहरण म्हणून..."

"उदाहरण नाही. तुम्हीच म्हणालात, आपल्या आयुष्यातलं करा. रविवारी बायंडर गावाला निघताहेत. मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. तुम्ही हसतमुखाने पोचवायला आलात तर पाया पडून जाईन. नाही आलात, तरी जाईन."

"वहिनी, ही काय वेळ आहे का!" सरांच्या तोंडून चक्क मराठी निघालं.

"काय लिहिलंय रे तिथं?" कोपऱ्यातून सासूने विचारलं.

 नर्स खुर्चीजवळ गेली आणि वाकून म्हणाली, "आजी, लिहिलंय की वहिनींच्या लग्नाची वेळ केव्हाच झालीय. आता थांबू नये."

"कुणी लिहिलंय?"

"सरांनी."

सरांनी डस्टर उचललं. हात फळ्यापर्यंत पोचलाही होता.

"पुसू नकोस." म्हातारी खुर्चीचा हात धरून उठली.  सुनेकडे वळून ती म्हणाली, "दुपारी विचारलंस ना गं मला? नव्हतं राहायचं. मलाही नव्हतं राहायचं. पण माझ्या वेळी असं विचारायला कुणी आलंच नाही."

सरांच्या हातातलं डस्टर हळूहळू खाली आलं. फळ्यावरचं आपलंच अक्षर त्यांनी पुन्हा वाचलं, मग वर्गाकडे न बघता म्हणाले, "गाडी किती वाजताची आहे, वहिनी?"

रविवारी वहिनी पुढच्या दाराने गेल्या. बॅग सरांनी उचलली. जाऊ रडली, थोडी प्रेमाने, थोडी सोमवारच्या डब्यांच्या धास्तीने, आणि हे तिने हसत कबूलही केलं.

वहिनींची काळजी नको, देव त्यांना सुखात ठेवो. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरी जाल तेव्हा त्या कोपऱ्यातल्या म्हातारीची आठवण ठेवा. सगळा जन्म ती राहिली, आणि तुला राहायचं होतं का, असं तिला पहिल्यांदा विचारलं ते तिच्या सुनेने.